बांधकाम येतं, म्हणून प्रॉपर्टीत पैसे मिळतीलच असं नाही



"सर, मला बांधकामातलं सगळं कळतं. मग मी प्रॉपर्टीत उतरू का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये सेंट्रिंगचे ठेकेदार असतात, हार्डवेअरचं दुकान चालवणारे असतात, साइट सुपरवायझर असतात, प्लंबर असतात. याच्या अगदी उलटा प्रश्नही तितकाच येतो: "सर, मला विटा-सिमेंटमधलं काहीच कळत नाही. मग मी प्रॉपर्टीच्या वाटेला जाऊच नको का?"

दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे. ज्याला घर बांधता येतं, त्याला घरातून पैसे कमावता येतात, अशी. ही समजूत मला धोक्याची वाटते, कारण त्यापायी लोक आयुष्यभराची पुंजी एका व्यवहारात घालतात.

माझं मत सरळ सांगतो. बांधकामाचं ज्ञान गुंतवणूकदाराला मुख्यतः एका ठिकाणी उपयोगी पडतं, ते म्हणजे खरेदीचा भाव ठरवताना. किती द्यायचे आणि कुठे "नको" म्हणून उठायचं, हे ते सांगतं. ते शिकायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि फक्त तेवढंच येत असेल, तर ते पुरतही नाही. कसं, ते आता आकड्यांतून बघू.

आधी हिशेब मांडू

समजा, पुण्यासारख्या शहरात, महापालिकेच्या हद्दीत, जुन्या सोसायटीत एक वन बीएचके आहे. घराची अवस्था वाईट. बाथरूमची गळती, उखडलेल्या फरशा, जुनी वायरिंग. मालक ३२ लाख मागतोय. त्याच इमारतीत नीट ठेवलेला फ्लॅट ३८ लाखांना जातो. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गावचे टाकून पुन्हा करा.)

बांधकामातला माणूस घर बघतो आणि पाच मिनिटांत अंदाज काढतो. बाथरूम-संडासाचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स ९० हजार, ओटा ६० हजार, फरशी ८० हजार, वायरिंग ५० हजार, रंग ७० हजार. एकूण साडेतीन लाख. बत्तीस अधिक साडेतीन म्हणजे साडेपस्तीस. विकायचं अडतीसला. अडीच लाख सुटले! टोकन देऊन मोकळा होतो.

त्याचा दुरुस्तीचा अंदाज अगदी बरोबर आहे, असं धरून चालू. आता बाकीचा खर्च लिहू:

- खरेदी: ३२,००,०००
- मुद्रांक शुल्क, ७ टक्के धरून: २,२४,०००
- नोंदणी शुल्क: ३०,०००
- दुरुस्ती: ३,५०,०००
- २४ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी ८ महिन्यांचं व्याज: १,४४,०००
- सोसायटीचा मेंटेनन्स, महिना २ हजार: १६,०००
- खरेदीची दलाली, १ टक्का: ३२,०००
- विक्रीची दलाली, १ टक्का: ३८,०००

बेरीज होते ४०,३४,०००. विकलं ३८ लाखांना. म्हणजे अडीच लाख सुटायच्या ऐवजी २ लाख ३४ हजार खिशातून गेले. स्वतःचे आठ लाख घातले त्याचं व्याज, वकिलाची फी, सोसायटीचा ट्रान्सफरचा खर्च अजून यात धरलेलाच नाही.

घर महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. इथे तेवढ्याने ३२ हजार वाचतील. तरी तोटा उरतोच.

या हिशेबात बांधकामाची एकही चूक नाही, हे लक्षात घ्या. चुकला तो खरेदीचा भाव.

हाच हिशेब उलटा करा

आता शेवटाकडून सुरुवात करू. विक्री ३८ लाख. मला किमान २ लाख सुटले पाहिजेत. म्हणजे सगळा खर्च ३६ लाखांत बसला पाहिजे. त्यातून दुरुस्ती, व्याज, मेंटेनन्स, नोंदणी आणि विक्रीची दलाली मिळून ५ लाख ७८ हजार वजा केले. उरले ३० लाख २२ हजार. यात खरेदीची किंमत आणि तिच्यावरचे ८ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क आणि दलाली, बसवायचे आहेत. ३०.२२ ला १.०८ ने भागा. उत्तर येतं साधारण २८ लाख.

हा तुमचा आकडा. मालक २८ वर आला तर बसा. २९ म्हणाला तर चहा पिऊन उठा.

इथे एक मेख आहे. मुद्रांक शुल्क तुमच्या व्यवहाराच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरच्या मूल्यावर लागतं, दोन्हींत जे जास्त असेल त्यावर. तुम्ही घासाघीस करून २८ ला घेतलं आणि रेडी रेकनरने मूल्य ३१ निघालं, तर शुल्क ३१ वर भरावं लागेल. इसार देण्याआधी हा आकडा काढून ठेवा.

दुसरी गोष्ट कराची. घर २४ महिन्यांच्या आत विकलं, तर झालेला नफा अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या बाकीच्या उत्पन्नात मिळून त्या स्लॅबने कर लागतो. २४ महिन्यांनंतर दीर्घकालीन नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. वारंवार घ्यायचं-विकायचं केलं, तर तो धंद्याचा नफाही धरला जाऊ शकतो. सीएला आधी विचारा, नंतर नाही.

म्हणूनच अमेरिकेतले "घर घ्या, दुरुस्त करा, विका" छापाचे व्हिडिओ बघून इथे तसंच करायला गेलं की गणित बसत नाही. आपल्याकडे घर नावावर करण्यातच ७-८ टक्के जातात. तेवढी किंमत वाढल्याशिवाय तुम्ही शून्यावरही येत नाही.

मग बांधकामाचं ज्ञान कुठे कामाला येतं?

पुन्हा त्याच फ्लॅटकडे वळू. ३२ मागणारा मालक २८ ला का देईल? कारण बाकीची गिऱ्हाइकं घाबरून परत गेलेली असतात. छताला ओल दिसली की सामान्य माणूस म्हणतो, "नको बाबा, हे घर गळतंय." त्याच्यासाठी ओल म्हणजे ओल. खरी किंमत कुणाला करता येते? ज्याला त्या ओलीचं कारण ओळखता येतं त्याला.

ओल वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली आहे, नहाणी ट्रॅपच्या भोवती गोल डाग आहे, बाकी स्लॅब कोरडा आहे? मग दोष बहुतेक वरच्या बाथरूमच्या सांध्यात किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. काम मर्यादित आहे, खर्च मोजता येतो. वरच्या मालकाशी बोलावं लागेल, तेवढंच.

पण कॉलमला उभी भेग आहे, तिच्यातून तांबूस पाणी ओघळलंय, कुठे काँक्रीटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई दिसतेय? मग थांबा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. हे काम एकट्या तुमच्या फ्लॅटचं नाही, सगळ्या इमारतीचं आहे. सर्वसाधारण सभा होणार, वर्गणी निघणार, चार जण भरणार नाहीत, काम रखडणार. तुमचा मिस्त्री कितीही हुशार असो, दुसऱ्याच्या घरातला कॉलम तो दुरुस्त करू शकत नाही.

माझ्या मते गुंतवणूकदाराने बांधकामातलं शिकावं ते हेच: जे मी माझ्या पैशाने आणि माझ्या हातात असलेल्या परवानगीने दुरुस्त करू शकतो ते कोणतं, आणि जे मी करूच शकत नाही ते कोणतं. पहिल्यात भाव पाडायची संधी असते. दुसऱ्यात पैसे अडकतात.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. "अहवाल नाही" हे उत्तर आलं, तर तीही माहितीच आहे. भाव ठरवताना ती वापरा.

प्लॉट घेणाऱ्यांनो, जमिनीत बघा

प्लॉटच्या बाबतीत तर लोक बांधकामाचा विचारच करत नाहीत. "एक गुंठा आहे, रस्त्याला आहे, स्वस्त आहे", एवढ्यावर सौदा होतो. स्वस्त का आहे, हे कुणी विचारत नाही.

काळ्या मातीची जमीन घ्या. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडे ती भरपूर. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. म्हणून पाया मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली न्यावा लागतो किंवा इंजिनिअरकडून वेगळ्या प्रकारचा पाया काढून घ्यावा लागतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर जाऊन विचारा, "किती फुटांवर मुरूम लागला?" तीन फूट आणि नऊ फूट या दोन उत्तरांमध्ये तुमच्या पायाचा खर्च कुठच्या कुठे जातो.

दुसरं, प्लॉट रस्त्यापेक्षा खाली आहे का? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. प्लॉट तीन फूट खाली असेल तर भराव लागेल १०८९ गुणिले ३, म्हणजे ३२६७ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळजवळ ३३ ब्रास मुरूम. दाबून घेतल्यावर तो बसतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुमच्याकडच्या ब्रासच्या दराने गुणा आणि ती रक्कम प्लॉटच्या किमतीत मिळवा. अनेकदा वरच्या अंगाचा "महाग" प्लॉट शेवटी स्वस्त निघतो.

ही दोन गणितं करायला डिप्लोमा लागत नाही. टेप आणि कागद पुरतो.

जाणकार कुठे फसतात?

आता ज्यांना खरंच बांधकाम येतं त्यांच्यासाठी थोडं कडू बोलतो.

पहिला सापळा कागदाचा. बांधकामातल्या माणसाची नजर भिंतीवर जाते, सातबाऱ्यावर जात नाही. भिंत एक नंबर असते आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नसतं. किंवा वरचा मजला मंजूर नकाशात नसतो. किंवा सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलेलं असतं, म्हणजे ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. किंवा इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचं नाव असतं. यातली एकही गोष्ट सिमेंटने बुजत नाही.

नदीकाठचा प्लॉट हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ साली काय बघितलं, ते आपल्याला माहीत आहे. बांधकाम येणारा म्हणतो, "जोतं पाच फूट उंच घेऊ, पाणी येतंय कुठे?" पण निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगीच मिळत नाही. जोतं पाच फूट घ्या नाहीतर दहा फूट. प्रश्न तंत्राचा नाहीच, परवानगीचा आहे.

दुसरा सापळा स्वतःच्या मजुरीचा. "मी स्वतः काम करीन, मजुरी वाचेल." वाचत नाही, दादा. तुमचा दिवसाचा रोज १२०० असेल आणि ४० दिवस तुम्ही त्या फ्लॅटवर घातले, तर ४८ हजारांचं दुसरीकडचं काम सोडलं. तो खर्च हिशेबात लिहा. लिहिला नाही, तर जो नफा वाटतो तो तुमचाच पगार असतो.

तिसरा सापळा वेळेचा. काँक्रीटला घाई चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारण ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. क्युरिंग किमान ७ दिवस, आपण जे मिश्रित सिमेंट वापरतो त्याला किमान १०. साइटवर हे पाळणारा माणूस गुंतवणुकीत मात्र म्हणतो, "दोन महिन्यांत करून विकतो." काम दोन महिन्यांत होईलही. पण गिऱ्हाईक यायला, त्याचं कर्ज मंजूर व्हायला, नोंदणी व्हायला लागणारे महिने कोण मोजणार? २४ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी महिन्याला १८ हजार व्याज होतं. रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीतही ते चालूच असतं.

चौथा सापळा सगळ्यात गोड आहे: चांगलं काम करण्याचा मोह. हाताला चांगल्या कामाची सवय असते, म्हणून भाड्याने द्यायच्या खोलीत इटालियन मार्बल बसतो. भाडं ठरतं ते भागावरून, पाण्यावरून आणि बसस्टॉपवरून. तुमच्या मार्बलचे महिन्याला पाचशे रुपये जास्त कोणी देत नसेल, तर तो मार्बल तुमच्या हौसेचा. हौसेला नाही म्हणत नाही, फक्त ती गुंतवणुकीच्या वहीत लिहू नका.

मग करायचं काय?

तुम्हाला बांधकाम येत असेल आणि भांडवल कमी असेल, तर माझा सल्ला अनेकांना आवडणार नाही. पहिली काही वर्षं प्रॉपर्टी विकत घेऊ नका, तुमचं ज्ञान विका. जुना फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला खरेदीआधी घर तपासून देणारा भरवशाचा माणूस हवा असतो. दोन तास घर बघा, फोटो काढा, दुरुस्तीच्या खर्चाचा दोन पानी अंदाज द्या, त्याची फी घ्या. पुढे दुरुस्तीचं कामही बहुतेक तुम्हालाच मिळेल. कॉलम-बीमचा प्रश्न दिसला, तर मात्र स्वतः निर्वाळा न देता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवा. या धंद्यात कर्ज नाही, मुद्रांक शुल्क नाही. शिवाय वर्षभरात पन्नासएक घरं आतून बघून होतात आणि कुठल्या भागात काय भाव चालतो, हे फुकट कळतं. नंतर स्वतःसाठी घ्याल तेव्हा हीच माहिती कामी येईल.

बांधकाम येत नसेल, तर घाबरू नका. एवढं शिका:

- घर बघायला शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडं असतं. एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर विचारा, का दिला?
- गिलाव्यावरची केसासारखी बारीक भेग आणि कॉलम-बीमला गेलेली भेग यातला फरक एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडून प्रत्यक्ष बघून घ्या.
- फरशी आणि टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला की तिथे खाली माल नीट बसलेला नाही.
- कार्पेट एरिया स्वतः टेपने मोजा. कागदावरचा आकडा आणि टेपचा आकडा जुळतो का बघा.
- तुमच्या गावचे चार दर पाठ करा: फरशीचा चौरस फुटाचा, रंगाचा, गिलाव्याचा आणि एका बाथरूमच्या पूर्ण वॉटरप्रूफिंगचा. मजुरीचा वेगळा, मटेरियलसकट वेगळा.
- नवीन फ्लॅट घेत असाल, तर रेरा कायद्यातली एक तरतूद लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगू नका, लेखी कळवा.

आणि दोघांनीही, बांधकाम येणाऱ्याने आणि न येणाऱ्याने, इसार देण्याआधी वकिलाकडून कागद तपासून घ्यायचे. वकिलाची फी वाचवून कोणी श्रीमंत झालेलं नाही.

या आठवड्यात एक गृहपाठ करा. तुमच्या भागातला विकायला असलेला एक जुना फ्लॅट जाऊन बघा. घ्यायचा नाही, फक्त बघायचा. दुरुस्तीची यादी करा, मिस्त्रीकडून दर घ्या आणि वरचा उलटा हिशेब मांडून तुमचा शेवटचा भाव काढा. मग मालकाची मागणी आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहा. पहिल्या दहा घरांत बहुतेक वेळा उत्तर "नको" असंच येईल. येऊ द्या. दहा वेळा "नको" म्हणायला जमलं, की अकराव्या वेळी "हो" म्हणताना तुमच्या हातात अंदाज नसेल, हिशेब असेल.

तुमचा आकडा काय निघाला, ते मला जरूर कळवा.